सरळ दाखवणारी नळी

दुर्बीण घ्यायचं निघालं तेव्हा आमच्या घरात दोन पक्ष पडले. ह्यांचा रात्रीचा आणि माझा दिवसाचा. घरात माणसंच दोन, त्यामुळं फोडाफोडीला वाव नव्हता.

हे म्हणजे माझे मालक. धारूरला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. सगळं गाव त्यांना सर म्हणतं. जन्मभर पोरांना फळ्यावर शनीची कडी काढून दाखवली, आता खरी बघणार, असं त्यांनी निरोप समारंभात हार गळ्यात असतानाच जाहीर केलं. त्यात वाईट काही नव्हतं. रिकामपणी पारावर बसून राजकारण कुटण्यापेक्षा माणसानं आभाळाकडं बघितलेलं बरं. पण मला दुर्बीण पाहिजे होती ती खाली बघायला.

आमचं घर गावाच्या शेवटाला, डोंगराच्या अगदी कडेवर. स्लॅबवर उभं राहिलं की उतार सुरू होतो आणि तळाला एक वस्ती दिसते. पत्र्याची घरं, बाभळी, एक मोबाइलचा टॉवर. पाखराच्या वाटेनं अर्धा कोस भरेल न भरेल. गाडीनं जायचं तर घाट उतरून फाट्यावरून चालत जावं लागतं. त्या वस्तीत माझी लेक नांदते.

एकुलती एक लेक. बी.एस्सी. झालेली. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, दुसऱ्या जातीत, ऊसतोडीला जाणाऱ्या घरात. जावई वाईट नाही, हे मी आता म्हणते. तेव्हा मीही रडून घर डोक्यावर घेतलं होतं. हे रडले नाहीत, बोलले. भावकी जमली होती, तिच्यासमोर उभं राहून म्हणाले, “आजपासून मी तिचं तोंड बघणार नाही. आणि या घरातलं जे कोणी तिच्या उंबऱ्यावर जाईल, त्यानं परत या घरात पाऊल ठेवू नये.” रागावले की हे पुस्तकातल्यासारखं बोलतात. या घरातलं जे कोणी म्हणे! घरात मीच होते. माझं नाव घ्यायचं तेवढं शिल्लक ठेवलं.

फोनचं म्हणाल, तर मी लावला होता. न्हाणीत जाऊन, नळ सोडून, हळू आवाजात. पोरगी म्हणाली, “आई, मी काय चोरी केली का? मग चोरून कावून बोलू? माझ्या उंबऱ्यावर ये, तिथं बसून पाहिजे तेवढं बोल.” आणि ठेवला. पुन्हा कधी उचलला नाही. खाण तशी माती. बाप इकडं ताठ, लेक तिकडं ताठ, मधी मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मग गेलीस कावून न्हाई, असं बायका मला विचारतात. भ्याले म्हणून. साठीला आलेल्या बाईला घराबाहेर काढलं तर ती कुठं जाते, ते आधी त्या बायकांनी मला सांगावं.

मग तिला मुलगा झाला. ते मला बाजारात भाजीवालीनं सांगितलं. आपल्याला नातू झालाय हे मला मेथीची जुडी निवडताना कळलं. मी तिच्यासमोर हसले, जुडी पिशवीत टाकली आणि घरी येऊन मोरीत बसून रडले.

तर दुर्बिणीमागं हे असं सगळं होतं. त्या उन्हाळ्यात ह्यांनी मोबाइलवर दुर्बिणी बघितल्या, जशी लेकीला स्थळं बघायची तशा. ही बुटकी, ती लांब, हिचा पाय हलका, तिचं घराणं चांगलं. पुण्याच्या एका दुकानदाराला एवढे फोन केले की तो बिचारा शेवटी शेवटी “सर, जेवण झालं का” असं विचारायला लागला. मी शेजारी गवार मोडत ऐकत बसायची. ऐकून ऐकून मलाही कळायला लागलं.

दुर्बिणी मुख्य दोन जातीच्या. इथंही जात आहेच. एक भिंगाची, पुढं भिंग आणि मागून डोळा लावायचा. दुसरी आरशाची, जाड नळी, तळाशी खोलगट आरसा, आणि डोळा लावायचा तो वरच्या टोकाला, नळीच्या कुशीत. आणि आरसा-भिंग दोन्ही असलेली एक बुटकी, ठेंगणी, मधली जात.

“रातीला तारे अन् दिवसा बी बघता येईल अशी कोणती?” मी विचारलं.

“दिवसा काय बघायचंय?”

“मोर-बिर.”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मोर कुठं राहतो ते दोघांनाही ठाऊक होतं. तरी शिकवायची सवय ती सवय. समजावून सांगायला लागले. भिंगाची घेतली आणि मागं लोलक बसवला की सगळं सरळ दिसतं, झाडं झाडांसारखी, माणसं माणसांसारखी. पण आपल्याला परवडेल त्यात भिंग लहान येतं, उजेड कमी गोळा होतो, अंधूक तारकापुंज हाती लागत नाहीत, आणि चांदण्यांच्या कडेला जांभळट रंग फुटतो. बुटकी दोन्ही कामाला चालते, पण ती एका वेळी आभाळाचा एवढासाच तुकडा दाखवते. आरशाची सगळ्यांत मोठ्या तोंडाची. उजेड पोटभर पिते. शनी, गुरू, तेजोमेघ, सगळं दाखवते.

“मग तिच्यात खोट काय?”

“खोट नाही. फक्त प्रतिमा उलटी दिसते. वरचं खाली, डावं उजवीकडं.”

“मग काय करायची ती उलटी?”

“आभाळाला वर-खाली नसतं,” हे म्हणाले.

“पण अंगणाला असतं की!”

तोंडातून निघून गेलं. हे चष्मा पुसत म्हणाले, “अंगणाचा विषय नाही आपला.” आणि आरशाची मागवली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. शनी काही पळून चालला नव्हता. लाखो वर्षं तिथंच फिरतोय, अजून फिरेल. नातू तेवढाच लहान राहणार होता का?

खोकं आलं, हे लहान पोरासारखे त्याच्याभोवती फिरले, स्लॅबवर पांढरी शुभ्र नळी उभी राहिली. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा शनी बघितला तेव्हा मी सगळं विसरले. कडं घातलेलं ते एवढंसं पिवळं फळ. “बाई ग!” असं तोंडातून निघालं. ह्यांना एवढा आनंद झाला की माझ्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी वर्षांनी ठेवला असेल. तेवढ्यासाठी तरी त्या नळीला मी शिव्या देत नाही.

पण एकदा हे बाजारात गेलेले बघून मी ती खाली वळवली. बराच वेळ नुसतं रान सरकत होतं, मग टॉवर सापडला, मग वस्ती. आणि काय दिसलं म्हणाल? सगळी वस्ती वरून लोंबकळत होती. जमीन वर, पत्रे खाली, शेळी पाय वर करून चरत होती. एक बाई अंगणातून डोक्यावर चालत गेली. ती माझी लेक, का तिची सासू, का परकीच कोणी, काही उमगेना. मी मान वाकडी केली, कमरेत वाकले, पदर तोंडावर आला, अन् गरगरायला लागलं. तेवढ्यात हे जिन्यात. “हात लावत जाऊ नको, आरसे हलतात,” म्हणाले आणि डोळ्याची भिंगं काढून कपाटात ठेवली. किल्ली खिशात.

मीही काही कमी नव्हते. ह्यांच्याच मोबाइलवर मी शोधून काढलं की सरळ दाखवणारी एक वीतभर नळी वेगळी मिळते. डोळ्याच्या भिंगाअलीकडं ती बसवली की आरशाची दुर्बीणही माणसं पायावर उभी करते. मी ती मागवा म्हणाले.

“त्यात आणखी भिंगं असतात. उजेड खातात ती.”

“खाऊ द्या की! दिवसा काय उजेडाचा दुष्काळ पडलाय?”

“प्रतिमेची वाट लागते,” एवढंच बोलून हे उठले. मी म्हटलं, जाऊ दे. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

त्या दिवसापासून ह्यांची एक नवी रीत पडली. सकाळी ऊन वर यायच्या आत स्लॅबवर जायचं. दुर्बिणीच्या पाठीवर एक लहानगी शोधक दुर्बीण असते. दोन्हींचा नेम एक करायला दिवसा लांबची एखादी ठाम वस्तू धरावी लागते. हे म्हणे वस्तीतला टॉवर धरत. मी चहा घेऊन जायची तेव्हा त्यांचा डोळा नळीच्या कुशीला चिकटलेला असायचा, आणि चहा ठेव तिथं, असं हातानंच सांगायचे.

“रोज जुळवावं लागतं व्हय?”

“नेम रोज हलतो.”

मला काय कळणार? मी विश्वास ठेवला. काही दिवस हे खाली यायचे ते शीळ घालत. काही दिवस ताटावर बसायचे नाहीत, पोटात जळजळतंय म्हणायचे. मी जिरे-ओवा देत राहिले.

दसरा झाला. वस्त्यावस्त्यांवरून ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघायला लागले. मुकादम आगाऊ पैशाची उचल देताना नवरा-बायकोला मिळून एक कोयता धरतो. दोन माणसं, दोन जीव, पण हिशेबात कोयता एक. मागच्या हंगामाला माझी लेक पोटुशी होती म्हणून घरी राहिली होती. यंदा अंगावरचं पोर घेऊन जायची नाही, अशी माझी समजूत. बी.एस्सी. झालेली पोरगी, ती काय ऊस तोडायला जाते? आईच्या मनाला एवढा विचार पुरतो.

मग दिवाळी आली. पाडव्याला मी ह्यांना ओवाळलं. दरवर्षी ताटात साडी पडते. यंदा पडली वीतभर काळी नळी.

मी विचारलं, “सरळ दाखवणारी?”

“हो,” म्हणाले. “बघ तुला काय बघायचं ते. मोर-बिर.”

देवाशप्पथ सांगते, माझे डोळे भरून आले. वाटलं, दगडाला पाझर फुटला. मी निरांजन हातात घेऊनच त्यांच्या पाया पडले. आज ते आठवलं की माझंच मला हसू येतं, आणि ते हसू काही चांगलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतः नेम धरून दिला आणि खाली निघून गेले. मी डोळा लावला. वस्ती पायावर उभी होती! निळ्या दाराचं घर, शेजारी सासूचं घर, अंगण, तुळस, कपड्याची दोरी. सासू झाडत होती. लेक काही बाहेर आली नाही. निळं दार बंद. म्हटलं, शेतात गेली असेल. दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशी मला दोरी खटकली. तिच्यावर सासूचं एक लुगडं, बाकी मोकळी. तान्ह्या पोराच्या घरातली दोरी अशी मोकळी नसते. लंगोट, झबली, दुपटी, काहीतरी कायम फडफडत असतं.  पोरगं आजारी पडलं का? दवाखान्यात नेलं का? का त्याहून वाईट?

मी खाली येऊन ह्यांना म्हटलं, “दोरीवर बाळाचं एक कापड न्हाई. कोणाला तरी विचारा की!”

“विचारायचं नाही आपण.”

“अहो, काय बरं-वाईट झालं असलं म्हंजी?”

“काही झालेलं नाही.”

“तुमाला काय ठाऊक?”

हे पेपरात तोंड घालून बसले. मी पुन्हा वर गेले. दुपारी वर, संध्याकाळी वर. उन्हात सगळं पाण्यासारखं हलायचं, तरी मी तिथंच. दोन दिवस माझ्या भाकरी करपल्या. शेवटी हे वर आले आणि ओरडले, “कशाला डोळे फोडतीस उगं? तिथं हाय कोण?”

हाय कोण. पुस्तकी बोली गळून पडली होती, घरची निघाली होती. मी नळीवरून मान उचलली.

“कोण न्हाई, हे तुमाला कोणी सांगितलं?”

हे कठड्याला टेकले. खोटं बोलणं ह्यांना जमत नाही, एवढा एक गुण आहे. म्हणाले, “वसुबारसेला सकाळी ट्रॅक्टर आलता. दोन ट्रॉल्या. गाद्या, भांडी, कोंबड्यांचा डालगा. जावई आधी चढला. तिनं पोरगं त्याच्याकडं दिलं, मग ती चढली, मग परत कडेवर घेतलं.”

“तुमी बघितलं?”

“टॉवरला नेम धरत होतो.”

“रोज टॉवरलाच धरत व्हता ना?”

 तेव्हा मला ते शीळ घालणं आणि ते ताटावर न बसणं, दोन्ही कळलं. शीळ घातली ते दिवस लेक अंगणात दिसल्याचे. आणि ओवा दिला ते दिवस ती न दिसल्याचे.

“मग?” मी म्हटलं. “गेली नुसती?”

“निघताना वर बघितलं तिनं. आपल्या घराकडं. हात केला. मी पटकन नळी वळवली.”

वसुबारसेला सकाळी मी जिन्याखाली चकलीची भाजणी परतत होते. हाक मारली असती तर उलथनं टाकून धावत आले असते. उलटं तर उलटं, डोक्यावर तर डोक्यावर, हात केलेला तर बघितला असता! माझ्या नातवाचं डोकं केवढं आहे ते तर बघितलं असतं!

“मला हाक मारायला काय झालतं तुमाला?”

“हाक मारली असती,” हे म्हणाले, “तर मी तिला बघितलं असं झालं असतं.”

 पुढं ह्यांनीच समजावून सांगितलं: भावकीसमोर मी तोंड बघणार नाही म्हणालो होतो. उलट्या माणसाचं तोंड ओळखू येत नाही. मी फक्त चाल ओळखत होतो. तेवढी चाल बघणं म्हणजे काही तोंड बघणं नव्हे. म्हणजे एवढा उन्हाळाभर दुर्बिणींचा काथ्याकूट, भिंगाची का आरशाची, उजेड किती, जांभळी कड किती, ते सगळं ह्या एका पळवाटेसाठी! शपथ मोडायची नव्हती आणि लेकही सोडायची नव्हती. म्हणून उलटं दाखवणारी घेतली. आणि सरळ दाखवणारी नळी मला कधी दिली? लेकीच्या दाराला कुलूप लागल्यावर. वरातीमागून घोडं, तेही मुद्दाम मागं ठेवलेलं.

“तुमी उन्हाळ्यापासून उलटी का होईना लेक बघितली,” मी म्हटलं, “अन् मला सरळ करून कुलूप दाखवलं. तुमच्या विज्ञानाला आग लागो.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी घाट उतरले. सांगून उतरले. हे दारात उभे होते, परत येऊ नको म्हणाले नाहीत, ये असंही म्हणाले नाहीत. फाट्यावरून चालत वस्तीवर गेले आणि निळ्या दाराच्या उंबऱ्यावर बसले. माझी विहीण झाडू टाकून धावत आली. मला वाटलं होतं भांडेल. तिनं आधी पाणी आणलं.

“आज न्हाई, पण त्या दिशी तरी गाठ पडली म्हणा तुमची,” ती म्हणाली. “लई खूश झालती पोरगी. म्हणली, आई वरून बघत व्हती. मी हात केला, तर आईनं आरसा चमकावून जबाब दिला. आख्खा रस्ता हसत गेली आसल बघा.”

मी पेला तोंडाला लावून तसाच धरला. ह्यांनी घाबरून नळी वळवली होती, कोवळं ऊन तिच्या पांढऱ्या पत्र्यावर पडून लखकन चमकलं असणार. तेच तिनं माझं बोलणं समजलं.

विहिणीनं आपला बटणांचा साधा फोन काढून नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडं वारा होता, माणसांचा गलका, ऊस तोडल्याचा सपसप आवाज.

“आत्या, काय झालं?” लेक म्हणाली.

“मी हाय. तुझ्या उंबऱ्यावरून बोलतीय.”

 ती आधी रडली, मग हसली, मग बाळाला किती दात आले ते सांगितलं. ऊस लागतो का हाताला, विचारलं तर म्हणाली, आता सवय झाली. मग म्हणाली, “आई, त्या दिवशी तूच होतीस ना ग वर? मी बाळाचा हात धरून पण हलवला होता. दिसला का?”

“दिसला की.”

“पण उलटं दिसलं असंल. पप्पांनी आरशाची घेतलीय ना, पांढरी जाड नळी अंगणातून दिसायची.”

“न्हाई बाळा. सरळ दिसलीस.”

“आणि पप्पा?” आवाज एकदम लहान झाला. “पप्पा होते का ग तिथं?”

सांगता आलं असतं. बाप उन्हाळ्यापासून रोज बघतोय, एक सकाळ चुकवली नाही, तू दिसली नाहीस तर जेवत नाही, असं सांगितलं असतं तर तिनं तिथंच उसाच्या फडात बसून बापाला माफ केलं असतं. मला माझ्या लेकीचा स्वभाव माहीत आहे. पण ती सकाळ माझी होती. ती ह्यांनी एकट्यानं खाल्ली, आणि वर तोंड करून, बघितलंच नाही म्हणाले.

“पप्पा व्हय?” मी म्हटलं. “ते कशाला बघत्यात तुला? भावकीसमोर बोललेत ना, तोंड बघणार न्हाई म्हणून. बोलल्यापरमाणं वागणारा माणूस हाय तो.”

 “बरं,” ती म्हणाली.